हँडल कोणाच्या हाती?



या पानावर आम्ही एरवी शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातपडताळणीची कागदपत्रे, पी.एफ.ची अडकलेली प्रकरणे असल्याच गोष्टी लिहितो. आज एका खेळण्याविषयी लिहीत आहोत. कोणी नाक मुरडू नये. या खेळण्यावरून आमच्या विहाराच्या कमिटीत चांगली दोन तास वादावादी झाली, आणि असा वाद उद्या तुमच्याही वस्तीत होणार आहे.

खेळणे हाताच्या तळव्यावर मावते. साडेआठ सेंटिमीटर लांब, साडेपाच-सहा सेंटिमीटर रुंद अशी एक हिरवी पाटी. तिच्यावर काळ्या चिपा आणि कडेला तारा खोचायच्या जागा. पेटी नाही, पडदा नाही, की-बोर्ड नाही. पण हा पुरता कॉम्प्युटर आहे. नाव रास्पबेरी पाय. पाय म्हणजे चालायचा पाय नव्हे; कॉम्प्युटरला हुकूम देण्याची पायथन नावाची एक भाषा आहे, तिच्यावरून हा 'पाय' आला. इंग्लंडात केंब्रिज येथे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की कॉम्प्युटर शास्त्र शिकायला येणारी मुले कमी होत चालली आहेत, आणि जी येतात त्यांना पूर्वीच्या मुलांइतके येत नाही. पूर्वीच्या मुलांनी घरच्या स्वस्त कॉम्प्युटरशी खटपट केलेली असे. नंतरची यंत्रे महाग झाली, बंद पेटीतली झाली, आईबाप हात लावू देईनात. म्हणून त्यांनी २००९ साली एक धर्मादाय संस्था काढली आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ही पाटी विक्रीला आणली. किंमत ठेवली २५ आणि ३५ डॉलर. बिघडली तरी घर बुडणार नाही, अशी.

आमच्या वस्तीतला एक तरुण आयटीआय झालेला आहे. दिवसा पार्सले पोचवतो. त्याने लॅमिंग्टन रोडवरून २०१६ सालच्या मॉडेलची एक वापरलेली पाटी पंधराशे रुपयांना आणली आणि विहाराच्या खोलीत चादरीखाली पडून असलेल्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला जोडली. पडद्यावर आला कॅसेटचा गेम! आमच्या वयाच्या माणसांना वेगळे सांगायला नको. १९९०च्या दशकात 'लिटल मास्टर' अशा नावांनी आपल्याकडे जे व्हिडिओ गेम आले, ते जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. आपण ज्याला कॅसेट म्हणायचो ती टेपची कॅसेट नव्हेच. आत एक छोटे सर्किट, त्यावर चिपा, आणि चिपेत खेळ.

त्या दिवसांची एक गोष्ट इथे सांगावीच लागेल.

आमच्या चाळीपलीकडे रस्त्याच्या कडेला एक इमारत होती. तिथल्या एका वर्गमित्राकडे असा गेम आला. आम्ही तेव्हा सातवीत. शाळा सुटल्यावर पाच-सहा पोरे त्याच्या घरी जमायची. ज्याचे घर त्याचे हँडल, बाकीच्यांनी पाळी धरायची. एक दिवस कॅसेट लागेना. पडदा नुसता करडा. वर्गमित्राने कॅसेट काढून आत फुंकर मारली, पुन्हा घातली, तरी नाही. दुसऱ्याने मारली, नाही. मग आम्ही मारली, आणि खेळ सुरू झाला. सगळे ओरडले. ओरडा ऐकून त्याची आई स्वयंपाकघरातून आली. कोणी फुंकले, तिने विचारले. पोराने सांगून टाकले. तिने टीव्ही बंद केला, कॅसेट काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि कपाटात ठेवली. आम्हाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गमित्र म्हणाला, "तू दारातून बघ."

घरी हे आजोबांच्या कानावर गेले. आजोबा गिरणीत होते. ते हसले. म्हणाले, "अरे, हे तोंडाचं लफडं जुनं आहे." गिरणीत साचा खात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. पण धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आपल्या माणसाचे तोंड त्या धाग्याला लागलेले सवर्ण कामगारांना चालत नसे, म्हणून आपल्या लोकांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ सालच्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. पुस्तकात वाचायच्या आधी आम्हाला हा इतिहास त्या कॅसेटच्या निमित्ताने कळला.

आता कळते की फुंकर मारल्याने कॅसेटला काहीच होत नसे. काढून पुन्हा बसवली की आतली धातूची टोके नव्याने जुळत, एवढेच. तोंडाच्या ओलीने ती टोके उलट गंजतात. खुद्द कंपनीही फुंकू नका असेच सांगत असे. म्हणजे त्या माउलीच्या पोराची फुंकर आणि आमची फुंकर सारखीच निरुपयोगी होती.

मग आम्ही स्टेशनाजवळच्या गेम पार्लरमध्ये जाऊ लागलो. एक रुपयाला पंधरा मिनिटे. मालक फक्त रुपया बघायचा. तिथेच कोणीतरी 'कॉन्ट्रा'तल्या तीस जिवांची किल्ली सांगितली: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. ही किल्ली मुळात काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रामरने १९८६ साली 'ग्रेडियस' या दुसऱ्या खेळासाठी बनवली होती. तपासणीसाठी तो खेळ त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता म्हणून! हे गृहस्थ २०२० साली वारले. इंटरनेट नसताना त्यांची किल्ली आमच्या झोपडपट्टीपर्यंत तोंडोतोंडी आली. शेवटी बी. ए. येते म्हणून आम्हाला ती पाठ करायला सोपी गेली. झालो मात्र बी. कॉम.

पार्लरमध्ये एकही मुलगी नसे. आमच्या धाकट्या बहिणीने आयुष्यात कधी हँडल हातात धरले नाही. दारातून बघ असे आम्हाला एका घराने सांगितले. तिला आम्ही सगळ्यांनीच सांगितले होते.

असो. आता ही पाटी जुना गेम चालवते कशी, ते सांगतो. पाटीत जुन्या यंत्राची एकही चिप नाही. त्यात एम्युलेटर नावाचा प्रोग्राम असतो. एम्युलेटर म्हणजे बहुरूपी. तो जुन्या यंत्राचे सोंग घेतो. कॅसेटमधल्या खेळाची फाईल त्याच्यापुढे ठेवली की तो खेळाला भासवतो की बाबा रे, मीच तुझे १९८३ सालचे यंत्र. खेळ म्हणतो हा आकडा तिथे ठेव, हे चित्र दोन घरे सरकव, हा आवाज काढ. बहुरूपी प्रत्येक हुकूम वाचतो, आपल्या यंत्राच्या भाषेत आणतो आणि तसे करतो. चित्र सेकंदाला साठ वेळा नवे काढावे लागते, त्यात उशीर चालत नाही.

यात मेहनत किती? भंतेजी गाथा नुसती म्हणतात तेव्हा ती मिनिटात होते. पण एकेक शब्द थांबून मराठीत अर्थ सांगू लागले की तीच गाथा अर्धा तास घेते. तसेच हे. जुन्या यंत्राचा एक हुकूम पुरा करायला नव्या यंत्राला अनेक हुकूम खर्चावे लागतात. म्हणून सोंग घेणारा मूळ यंत्रापेक्षा पुष्कळ चपळ लागतो. फॅमिकॉमचा मेंदू १.७९ मेगाहर्ट्झवर चाले आणि त्याची कामाची स्मरणशक्ती फक्त २ किलोबाइट. आमच्या तरुणाच्या पाटीचा मेंदू १,२०० मेगाहर्ट्झचा आणि त्यात असे चार. स्मरणशक्ती १ गिगाबाइट. तेव्हा मारिओ तिथे लीलया पळतो. १९८५ सालचा तो अख्खा मारिओ ४० किलोबाइटचा आहे. तुमच्या मोबाईलमधल्या दोन मेगाबाइटच्या एका फोटोच्या जागेत पन्नास मारिओ बसतील. सोनीचे १९९४ सालचे प्लेस्टेशनसुद्धा ही पाटी बऱ्यापैकी निभावते. पण निन्टेन्डो ६४ या १९९६ सालच्या यंत्राचे सोंग घेताना तिला धाप लागते, चित्र अडखळते, आवाज तुटतो. सोंग जितके हुबेहूब हवे तितका जोर जास्त, हा इथला नियम आहे.

प्रत्यक्ष जोडताना आमच्या तरुणाला तीन गोष्टींनी रडवले. कोणी करणार असेल तर लक्षात ठेवावे.

पहिली गोष्ट वीज. त्याने घरातला जुना मोबाईलचा चार्जर लावला. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण चमकू लागली आणि मधेच सगळे बंद. ती खूण म्हणजे पाटीला पुरेसा दाब मिळत नाही. या मॉडेलला ५ व्होल्ट आणि अडीच अँपिअरचा ॲडॅप्टर लागतो. बाजारातून आणलेल्या एका स्वस्त ॲडॅप्टरवर अडीच छापले होते, पण खूण काही जाईना. दुसरा आणावा लागला.

दुसरी गोष्ट कार्ड. या पाटीचे सगळे, प्रोग्राम आणि खेळ, एका नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. ते चालू असताना लाईट गेली तर कार्डावरचे लिखाण बिघडू शकते. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. दोनदा गेली, दुसऱ्यांदा कार्ड उठलेच नाही. तेव्हापासून तो कार्डाची नक्कल करून डब्यात ठेवतो आणि पाटी रीतसर बंद केल्याशिवाय स्विचला कोणाला हात लावू देत नाही.

तिसरी गोष्ट जुन्या टीव्हीची केबल. पाटीला इअरफोनसारखे एक भोक आहे, त्यातून आवाज आणि चित्र दोन्ही निघतात. तिथे लावायची पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांची केबल बाजारात सगळीकडे मिळते, पण आतल्या तारांचा क्रम सगळ्यांत एक नसतो. पिवळे टोक पिवळ्यात लावून चार दिवस काळा पडदा पाहिला. शेवटी वैतागून लाल टोक पिवळ्यात खोचले आणि चित्र आले. या पाटीच्या शाळेत हे असे शिकायला मिळते. मोबाईलमध्ये मिळत नाही, कारण मोबाईल खोलू देत नाही.

आता खेळांच्या हक्काचा प्रश्न. दुकानात दहा हजार गेम भरलेले कार्ड मिळत होते. तरुण म्हणाला, "काका, घेऊन टाकू." आम्ही हरकत घेतली. सोंग घेणारा प्रोग्राम बनवणे गुन्हा नाही. अमेरिकेत सोनी कंपनीने कनेक्टिक्सवर लावलेल्या दाव्यात २००० साली अपील कोर्टाने तसा निकाल दिला. पण खेळावर खेळ बनवणाऱ्याचा हक्क असतो, तो यंत्र जुने झाले म्हणून संपत नाही. २०२४ साली निन्टेन्डोने 'युझू' या एम्युलेटरच्या कर्त्यांवर दावा लावला आणि २४ लाख डॉलरवर तडजोड झाली. एवढ्या मोठ्या कंपनीसाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण भीमगीतांच्या कॅसेटच्या नकला रस्त्यावर दहा रुपयांना विकताना आम्ही पाहिल्या आहेत, आणि गाणाऱ्याच्या घरचे पत्रे गळतानाही पाहिले आहेत. शिवाय विहाराचे नाव आहे. तेव्हा विहाराच्या कार्डावर फक्त कर्त्यांनी स्वतः मोफत दिलेले खेळ घालायचे ठरले. जुन्या यंत्रासाठी आजही हौसेने नवे खेळ बनवणारे लोक आहेत. 'नोव्हा द स्क्विरल' नावाचा खारीचा खेळ मोफत आहे, त्याची आतली लिखाणेसुद्धा वाचायला खुली आहेत. 'मायक्रो मेजेस' हा २०१९ सालचा खेळ विकत घ्यावा लागतो, पण तोही मारिओसारखाच ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. कॉन्ट्रा नाही याचे सर्वांत जास्त वाईट आम्हालाच वाटले. तरुणाच्या स्वतःच्या घरी काय चालते ते आम्ही विचारले नाही.

कमिटीत हा विषय आला तेव्हा आमचे बौद्धाचार्य दादा सरळ विरोधात गेले. त्यांचा अभ्यास दांडगा. त्यांनी दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्ताचा दाखला दिला. त्यात भगवंत कोणकोणत्या खेळांपासून दूर असत त्याची यादीच आहे: आठ घरांचा पट, दहा घरांचा पट, फासे, खेळण्यातला गाडा, छोटे धनुष्य. "विहार धम्मासाठी आहे, पार्लरसाठी नाही," दादा म्हणाले. सभा गप्प झाली.

तेवढ्यात मागे बसलेली एक उपासिका उठली. ती चार घरची धुणीभांडी करते. तिचा मोठा मुलगा मोबाईलवर पैशांची रमी खेळायचा. भिशीचे चाळीस हजार त्यात गेले, मग तिचे डोरले गेले. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण तो होईपर्यंत तिचे घर धुऊन निघाले होते. सगळ्यांना वाटले ही बाई आता पाटी फेकून द्या म्हणणार. ती म्हणाली, "दादा, माझा पोरगा घरात एकटा तोंड खुपसून खेळायचा. मला कळलंच नाही. इथं चारचौघांत, उजेडात खेळतील तर मला तरी दिसेल."

मग आम्ही बोललो. ब्रह्मजालातील यादी श्रमणांच्या शीलाची आहे. गृहस्थांसाठी त्याच दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. संपत्ती बुडवणाऱ्या सहा वाटांत तिथे जुगार सांगितला आहे आणि जुगाराचे सहा तोटेही मोजले आहेत: जिंकला तर वैर पदरी पडते, हरला तर शोक, पैसा जातो तो जातोच, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, आणि जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही. हा शेवटचा तोटा ऐकून तरुण मंडळींत हशा झाला, त्या उपासिकेच्या डोळ्यांत मात्र पाणी आले. त्या पाटीत पैसा लावायची सोयच नाही. इंटरनेटही जोडलेले नाही. दादांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "अभ्यासाचं काय? दहावीच्या पोरांचं काय?" हा प्रश्न रास्त होता आणि त्याला आमच्याकडे पुरे उत्तर नव्हते. आजही नाही. पोरे रविवारची वाट बघतात आणि शनिवारी गणित कच्चे ठेवतात, हे आम्ही पाहतो आहोत.

ठरले ते असे. रविवारी चार ते सहा, वाचनालयाच्या खोलीत, मूर्तीसमोर नाही. कार्ड बौद्धाचार्य दादांच्या ताब्यात. पहिला तास मुलींचा. ही अट त्या उपासिकेने घातली आणि तिच्यावर मतदान घ्यावे लागले नाही.

पहिल्या दोन रविवारी मुली आल्याच नाहीत. तिसऱ्या रविवारी नववीतली एक आली. खेळण्यापेक्षा तिला हँडलमध्ये रस होता. कोणाच्या तरी माळ्यावर सापडलेले लिटल मास्टरचे जुने हँडल तिने तरुणाकडून मागून घेतले, स्क्रू काढून उघडले आणि विचारले, "दादा, बटणं आठ आहेत, तारा पाचच कशा?" तरुणालाही चटकन सांगता येईना. दोघांनी शोधून काढले. पाचांपैकी दोन तारा विजेच्या. उरल्या तीन. एका तारेने यंत्र हँडलला सांगते, जसे आहात तसे थांबा. मग दुसऱ्या तारेवर एकेक ठोका पडतो, आणि प्रत्येक ठोक्याला एकेक बटण तिसऱ्या तारेवरून सांगते, दाबलेले की सुटलेले. शाळेत बाई हजेरी घेतात तसे. एकच बाई, एकच वही, पण नंबर लावून सगळी मुले ओ देतात. ही हजेरी सेकंदाला साठ वेळा होते.

पाटीच्या एका बाजूला चाळीस पिना आहेत, तिथे हे हँडल थेट जोडता येते. तिने जुन्या तारा सोलून, रंग वहीत लिहून, एकेक पिनेला लावल्या. ३.३ व्होल्टच्या पिनेऐवजी ५ व्होल्टची पीन लागली तर पाटी जळेल, असे तरुणाने बजावले होते, म्हणून तिने तीनदा मोजले. आम्ही शेजारी टॉर्च धरून उभे होतो. सात बटणे ओ देऊ लागली. 'ए' काही देईना. त्याखालचे रबर झिजले आहे, असे तिचे म्हणणे. तिने ते बटण काढून कागदात गुंडाळले आणि दप्तरात टाकले. पुढच्या रविवारी पेन्सिलीचे शिसे घासून बघणार आहे.